तीन श्वासांचे परब

आमच्या फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात बिअरची एक बाटली गेले चार महिने आडवी पडून आहे. नवऱ्याने दोनदा विचारून पाहिलं, "रेखा, ही उघडायची आहे की पुजायची आहे?"  अशी वासाची बिअर ताजी प्यायची असते, ठेवली की तिचा वास उतरत जातो, हे त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं. माझं अख्खं आयुष्य वास तपासण्यात गेलंय. तरी ती उघडायला हात धजत नाही.

ती केतकी परबने आणून दिली. कोकणात समुद्रकाठी एका छोट्या ब्रुअरीत ती बिअर बनवते. वडलांच्या वर्षश्राद्धाला घाटकोपरला आली होती, तिथून अंधेरीला माझ्याकडे आली आणि पिशवीतून आधी श्राद्धाचे वडे काढले, मग ही बाटली. दोन्ही एकाच पिशवीत घालून आणणं हे परबांच्या घरातच होऊ शकतं. परब असते तर त्यांनी आधी पिशवीचा वास घेतला असता.

वसंत परब म्हणजे केतकीचे वडील आणि माझे वरिष्ठ. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची इसेन्सची फॅक्टरी. आइस्क्रीम, बिस्किटं, सरबतं, खोकल्याची औषधं यांना जो आंब्याचा, संत्र्याचा, वेलचीचा वास असतो, तो आम्ही बनवून विकायचो. माल बाहेर जाण्याआधी लॅबमध्ये त्याचा वास घ्यायचा आणि तो बरोबर असेल तर चिठ्ठीवर सही करायची, हे परबांचं काम. तीस वर्षं त्यांनी ते केलं. त्यातली सतरा वर्षं मी शेजारच्या टेबलावर होते.

दिसायला नाक अगदी सामान्य, थोडं बसकंच. पण त्याची बडदास्त काय विचारू नका. अंगाला बिनवासाचा साबण, डोक्याला तेल नाही, तोंडाला पावडर नाही, दुपारच्या डब्यात कांदा-लसूण नाही. परब दारूला शिवत नसत. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, नोकरी होती. मी कामावर गेले त्या पहिल्याच दिवशी हाताला नवीन क्रीम चोपडून गेले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "हात धुवून ये. आणि उद्यापासून गुलाब घरी ठेव." मला इतका राग आला होता की दुपारी डबाही धड खाल्ला नाही. आठवड्याभरात मीही बिनवासाच्या साबणावर आले.

घरी तर याहून कडक. परबवहिनींना गजऱ्याची भारी हौस. पण सोमवार ते शनिवार दुपारपर्यंत त्या घरात मोगऱ्याला बंदी होती. शनिवारी संध्याकाळी माळायचा आणि रविवारी दिवेलागणीला डब्यात बंद करून खाली कचऱ्यात टाकून यायचा, कारण सोमवारी सकाळी ह्यांचं नाक कोरं हवं. "मुलीचं नाव केतकी ठेवलं, पण केवडा कधी उंबऱ्याच्या आत आला नाही," असं वहिनी हसून सांगायच्या. हसायच्या खऱ्या, पण मला त्यात खंत ऐकू यायची.

आमच्या कामात एक पद्धत असते. टेबलावर तीन कप मांडायचे. दोन कपांत एकच माल, तिसऱ्यात वेगळा. प्रत्येक कपाखाली आकड्याची चिठ्ठी, आणि वेगळा कप कोणता हे फक्त मांडणाऱ्याला ठाऊक. वास घेणाऱ्याने तो ओळखायचा. ओळखता आला नाही तर दोन्ही माल सारखेच, असं धरायचं. परबांचं नाक त्या दिवशी ठीक आहे ना हे पाहायला, सह्या सुरू होण्याआधी, रोज सकाळी अकरा वाजता मुद्दाम एक वेगळा माल घालून हे कप मी मांडायची. ते टेबलाशी बसायचे, चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि एकेका कपाला तीन श्वास द्यायचे. पहिला ओळख करून घ्यायला, दुसरा तपासायला, तिसरा खात्रीचा. चौथा कधीच नाही. "चौथो श्वास म्हणजे वास घेणा न्हय, ता स्वतःची समजूत काढणा झाला," असं ते म्हणायचे. एरवी ऑफिसात शुद्ध बोलणारा हा माणूस नाकाबद्दल बोलायला लागला की मालवणीवर यायचा.

नवीन मुलं भीतीपोटी काहीतरी ठोकून द्यायची. त्यांना ते शांतपणे विचारायचे, "वास इलो?" म्हणजे, आला का. मुलगा कपाकडे बघत राहायचा. मग म्हणायचे, "नाय इलो तर नाय इलो म्हणाक शिक. त्यात लाज कसली?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही.

एकदा हापूसच्या इसेन्सचा मोठा माल जायचा होता. टेम्पो गेटवर उभा, पिंपं चढवायला माणसं तयार, आणि परबांनी सही केली नाही. म्हणाले, साबण आहे. शेठ स्वतः लॅबमध्ये आले. मशीनचा कागद समोर धरला, सगळे आकडे जागच्या जागी. शेठ म्हणाले, "परब, मशीन को नहीं आया, तुमको आया?" परब म्हणाले, "मला आला. तुम्ही सही करून पाठवा, मी अडवत नाही. माझी सही होणार नाही." टेम्पो दुपारपर्यंत उभा राहिला. शेवटी फिटरने पाइप उघडला तेव्हा वाकणात साबणाच्या पाण्याचा घोट-दोन घोट साठलेला सापडला. शेठ त्या दिवसापासून परबांना जरा टरकूनच असायचे. परबांनी मात्र त्या गोष्टीचं कधी भांडवल केलं नाही. मी आठवण काढली की म्हणायचे, "अगं, आला म्हणून आला म्हटलं. त्यात काय."

केतकीला त्यांनी घरीच तयार केलं. जेवायच्या आधी तीन वाट्या मांडायचे. दोन वाट्यांत आमटी, तिसरीत तीच आमटी, पण एक कोकम जास्त घातलेली. पोरगी आठ-नऊ वर्षांची असेल. मी एकदा जेवायला गेले होते त्या दिवशी तिने झटकन सांगितलं, "पहिली." उत्तर बरोबर होतं. मी कौतुकाने हसले, पण परबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी तिला जवळ घेऊन विचारलं, "खरा सांग, वास इलो तुका?" ती खाली बघून नाही म्हणाली. अंदाजाने सांगितलं होतं. त्या दिवशी तिला शिरा मिळाला नाही. वहिनी त्यांच्यावर चिडल्या, मीही रदबदली केली, पण ते ऐकेनात. "चुकली असती तर दोन वेळा वाढला असता," म्हणाले. "न येता बरोबर सांगितलं, हे वाईट."

पुढे केतकी शिकली आणि बिअर बनवायच्या धंद्यात शिरली. वहिनींनी हाय खाल्ली. बिल्डिंगमध्ये त्या आजही ती सरबताच्या कंपनीत आहे असंच सांगतात. परबांनी तिला एवढंच विचारलं, की त्या कामात नाक लागतं का. ती लागतं म्हणाली. "मग जा," म्हणाले.

कोविडची दुसरी लाट आली तेव्हा परबांच्या निवृत्तीला नऊ-दहा महिने राहिले होते. त्यांना ताप आला, चार दिवस खोकला, मग बरे झाले. तीन आठवड्यांनी कामावर आले ते थोडे वाळलेले, बाकी पूर्वीसारखेच. मी विचारलं, "वास येतोय ना?" कारण तेव्हा प्रत्येकाला हेच विचारायची रीत होती. ते म्हणाले, "येतोय की."

मग एक दिवस वहिनींचा फोन आला. आवाजात नुसतं हसू. "अगं रेखा, ह्यांना झालंय तरी काय? काल मंगळवार ना? काल गजरा घेऊन आले. म्हटलं आज कसा? तर म्हणाले, माळ, काही होत नाही. परवाही आणला होता. आजारपणात माणूस बदलतं म्हणतात ते खरं असेल का गं?" मी म्हटलं, "असेल वहिनी." फोन ठेवला. तीस वर्षं ज्या घरात मंगळवारी मोगरा आला नव्हता, त्या घरात तो आता रोज येत होता, आणि त्याचा अर्थ मला कळला होता. वहिनी बिचाऱ्या आनंदात होत्या. मी त्यांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी कप मांडले. परबांनी चष्मा काढला, तिन्ही कपांना तीन-तीन श्वास दिले आणि नुसते बसून राहिले. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. पुढचं मी का केलं ते मला नीट सांगता यायचं नाही. वेगळ्या कपाखालची चिठ्ठी मी बोटाने थोडी आत सारली, बाकी दोन कपांच्या चिठ्ठ्या जशा बाहेर डोकावत होत्या तशा राहू दिल्या. त्यांनी ते पाहिलं. मग ते म्हणाले, "शेवटचा." आणि सही केली.

त्यानंतर आठ महिने रोज हेच चाललं. आम्ही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. मालाला धोका नव्हता, कारण आधी मी स्वतः वास घेऊन खात्री करायची. पण सही त्यांची जायची. त्यांना वाटत असणार की महिन्या-दोन महिन्यांत वास परत येईल, बहुतेकांना आला तसा. आला नाही. नवीन मुलांना "नाय इलो म्हणाक शिक" हे सांगायचं त्यांनी त्याच दिवसांत बंद केलं. ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसेल. मी एका भल्या माणसाची लाज राखतेय असं तेव्हा मला वाटत होतं आणि त्यात थोडा अभिमानही होता, हे आज कबूल करते.

निरोपसमारंभात शेठने त्यांना अत्तराची कुपी दिली. "परबसाहब, अब तो लगा सकते हो." सगळे खो खो हसले. परबांनी बूच काढलं, कुपी नाकाशी धरली आणि म्हणाले, "छान आहे." टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, समोसा हातात धरून उभी राहिले.

निवृत्तीला आठ-नऊ महिने झाले आणि एका रविवारी सकाळी केतकीचा घाटकोपरहून फोन आला. तिला पहिल्यांदाच स्वतःच्या कृतीची बिअर बाजारात आणायला मिळणार होती. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी बोंडं, बिअरला कडूपणा आणि वास त्यांचाच. तिने ती भरपूर घातली होती. पण अर्ध्या बाटल्या दोन दिवस वीज नसल्यामुळे उकाड्यात राहिल्या होत्या. त्या बिघडल्या असतील तर त्या टाकून द्यायच्या, नसतील तर दुसऱ्या दिवशी सगळा माल जाणार. तिला स्वतःला थोडा फरक वाटत होता, पण आपलीच बिअर म्हणून मन फसवत असेल अशी शंका होती. "मावशी, बाबा जे म्हणतील ते फायनल," ती म्हणाली. "मी बाटल्या घेऊन आलेय. तू ये आणि ग्लास तू मांड. मी मांडले तर माझ्या तोंडावरून त्यांना कळेल."

दुपारी बाराच्या सुमाराला घाटकोपरला त्यांच्या घरी पोचले. परब धुतलेला सदरा घालून टेबलाशी बसले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, डोक्यात ताजा गजरा, आणि कपाळाला आठी. "आमच्या सात पिढ्यांत कुणी घरात बिअर आणली नव्हती," म्हणाल्या, आणि तरी ग्लास स्वतः पुसून दिले.

मी आत जाऊन ओतले. दोन ग्लासांत थंडीत ठेवलेली, एकात उकाड्यातली. मी वास घेतला. उकाड्यातलीला खाली ओल्या पुठ्ठ्याची छटा होती, अगदी पुसट, पण होती. बाहेर येऊन तिन्ही ग्लास चिठ्ठ्यांवर ठेवले, उकाड्यातला मधे. केतकी समोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, आमटीच्या वाट्यांपुढे बसायची तशी. मला एवढंच दिसत होतं की ह्या माणसाला मुलीपुढे उघडं पाडता कामा नये. मी मधल्या ग्लासाखालची चिठ्ठी आत सारली.

परबांनी चष्मा काढला. पहिल्या ग्लासाला तीन श्वास. मधल्याला तीन. तिसऱ्याला तीन. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मधला" म्हटलं असतं तर झालं असतं. उत्तर बरोबर होतं, माल वाचला असता, पोरगी खूश झाली असती. त्यांनी हात पुढे केला आणि बोटाच्या टोकाने ती चिठ्ठी हळूच बाहेर ओढली, बाकीच्या दोन चिठ्ठ्यांच्या रांगेत आणून ठेवली.

"नाय इलो गो," ते म्हणाले.

केतकीला वाटलं फरक नाही असं ते म्हणतायत. "म्हणजे तिन्ही सारखेच?"

"सारखे की वेगळे, ते माका ठाऊक नाय. माका वासच येणा नाय. तापापासून. दीड वर्ष झाला."

दारात वहिनींचा हात हळूहळू गजऱ्याकडे गेला. "म्हणजे हे रोजचे गजरे..." त्यांनी विचारलं.

"तुका आवडता म्हणान आणतंय," परब म्हणाले.

वहिनींनी गजरा सोडवला, एका वाटीत ठेवला आणि वाटी ओट्यावर ठेवून आत निघून गेल्या. त्यांना काय वाटलं असेल ते मी आजवर विचारू शकले नाही. मला मात्र तिथल्या तिथे नाहीसं व्हावंसं वाटत होतं.

केतकीचे डोळे भरले होते. परबांनी मधला ग्लास तिच्यापुढे सरकवला. "तू घे. तीन श्वास."

"बाबा, मला नाही जमणार आत्ता."

"आत्ताच जमवूचा लागता."

तिने नाक पुसलं, मग तिन्ही ग्लासांचा वास घेतला. तीन-तीनच श्वास, एकही जास्त नाही. "मधला वेगळा आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखा."

"इलो तुका?"

"आला."

"मग इलो. तो माल सोडू नको. सही तू कर." मग म्हणाले, "आता चांगल्या ग्लासाचा सांग. कसो येता वास?"

तिने सांगितलं. कैरी देठाशी मोडली की जो चीक येतो तो. पेरूचं पान चुरगाळल्यावर येतो तो. शेवटी लिंबाची साल. ती एकेक सांगत होती आणि ते मान हलवत होते, गावची कुणी माणसं भेटल्यावर हलवतात तशी. मग त्यांनी ग्लास उचलला आणि घोट घेतला. मी सवयीने थुंकायचं भांडं पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि घोट गिळला. जन्मात पहिल्यांदा.

"कडू कळता," ते म्हणाले. जिभेचं कडू-गोड शाबूत होतं, गेलं होतं ते फक्त नाकाचं. "कडू चांगला जमलाहा हां." आणि दुसरा घोट घेतला.

मी निघाले तेव्हा ते नेहमीप्रमाणे मेट्रोपर्यंत सोडायला आले. वाटेत मी म्हटलं, "परब, चुकलं माझं."  ते म्हणाले, "तू मायेनं केलंस. पण आठ महिने रोज अकरा वाजता मी त्या खुर्चीत खोटा बसत होतो रेखा. एकदा जरी तू चिठ्ठी सरकवली नसतीस, तर मला बोलावं लागलं असतं." आवाज चढलेला नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं.

स्टेशनच्या जिन्याखाली फुलवाली बसते. तिच्याकडून त्यांनी मोगऱ्याचा गजरा घेतला. मी म्हटलं, "वहिनींनी तर काढून ठेवला." "म्हणूनच," ते म्हणाले. "आता ठाऊक असून माळते का बघूया." आणि मला जा म्हणाले. त्यानंतर फोनवर बोललो दोन-चारदा, पण भेट झाली नाही. तीन महिन्यांनी ते हृदयविकाराने गेले. वहिनी म्हणाल्या, त्या दिवशीही आपल्या डोक्यात गजरा होता.

त्या रविवारी मी जिना अर्धा चढून मागे वळून पाहिलं. परब फुलवालीच्या शेजारी माणसांच्या वाटेतून बाजूला होऊन भिंतीशी उभे होते. पुडी उघडून त्यांनी गजरा नाकाशी धरला होता आणि डोळे मिटले होते. सतरा वर्षांच्या सवयीने मी मोजू लागले. एक श्वास. दोन. तीन. आता ते हात खाली घेतील म्हणून मी थांबले. त्यांनी चौथा घेतला.